दहावा नंबर

माझ्या धंद्यात एकच तक्रार असते, गार होत नाही. चाळीस वर्षं मी फ्रीज दुरुस्त करतोय. घरातले केले, मासळीवाल्यांचे केले, आइस्क्रीमच्या दुकानातले केले, एकदा तर शवागारातलाही केला. पण "अहो, जरा जास्तच गार होतंय, कमी करून द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. त्यामुळे कोणताही फ्रीज हाताखालून गेला की शेवटी मी त्याचं बटण थोडं पुढे सरकवतो. गिऱ्हाईक खूश, आपण मोकळे. लोक मला थंडोबा म्हणतात ते या धंद्यापायी. स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही, हे माझी बायको कोणालाही शपथेवर सांगेल.

आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा एक फ्रीज आहे. आडवा, पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा. त्याचं काम माझ्याकडे. महिनाभरापूर्वी त्याचा थर्मोस्टॅट गेला, तो मी बदलला आणि सवयीप्रमाणे बटण थोडं पुढे केलं. मनात म्हटलं, इथे अधूनमधून लाईट जाते, लसीसारखी नाजूक वस्तू, जरा जास्त गार असलेलीच बरी. आणि वर आणखी एक शहाणपणा केला. आतलं थर्मामीटर खालच्या टोपलीत, बाटल्यांच्या मधे पडलेलं असायचं. सिस्टरना ते रोज सकाळ-संध्याकाळ वाकून बघावं लागायचं, आणि सिस्टरची कंबर धरलेली असते हे अख्ख्या भागाला माहीत आहे. मी थर्मामीटरला तार बांधली आणि ते वर झाकणापाशी अडकवून दिलं. झाकण उघडलं की काटा डोळ्यांसमोर.

सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहा मागवला. "काका, हे इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही," त्या म्हणाल्या. मीही कॉलर ताठ करून चहा प्यायलो.

त्यानंतर तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी मी त्याच खोलीत बाकावर बसलो होतो, पण हत्यारांची पेटी न घेता. शेजारी माझी मुलगी, तिच्या मांडीवर साडेतीन महिन्यांची नात. मुलीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि दर दोन मिनिटांनी ती घड्याळ बघत होती. आमच्या हातात पुठ्ठ्याचा नंबर होता, दहा.

ही सिस्टर म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. हाताने सुई चालू असते आणि तोंडाने बाकावरच्या सगळ्यांची शाळा. कोणती लस कशासाठी, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड कुठे ठेवायचं. नुसतं सांगत नाही, म्हणून घेते. एका आईला पुढची तारीख सांगता आली नाही तर तिला कार्ड हातात देऊन मोठ्याने वाचायला लावलं. आज्या, आत्या, बाप, कोणी सुटत नाही. मला ते आवडतं. माणसाला आपलं काम येतं हे त्याच्या अशा आवाजात कळतं.

चार मुलांचं टोचून झालं होतं. माझ्या दुसऱ्या बाजूला नऊ नंबरवाली बसली होती. पंचविशीतली बाई, घरी बसून शाळेचे गणवेश शिवते म्हणाली. तिच्या ओढणीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. तिचा मुलगा जागा होता आणि माझ्या मिशांकडे टक लावून बघत होता. ती हळूच मला म्हणाली की तिला भीती वाटतेय, पहिल्या वेळी सासू बरोबर होती. आणि मग एकदम मोठ्याने तिने सिस्टरला विचारलं,

"सिस्टर, आमच्याकडे सारखी लाईट जाते. मग या लसी खराब नाही का होत? माझी जाऊ म्हणते, इथली लस म्हणजे नुसतं पाणी."

"जाऊबाईंना घेऊन या, त्यांनाही एक टोचून देते," सिस्टर म्हणाल्या. सगळ्या बायका हसल्या. "आणि लाईटचं म्हणाल तर आमचे मेकॅनिक तुमच्या शेजारीच बसलेत. विचारा त्यांना."

असं बोलावणं आलं की मी मागे राहणारा माणूस नाही. "ताई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा," मी म्हटलं. "लाईट गेली तरी दिवसभर हू की चू करणार नाही असा करून ठेवलाय फ्रीज. आत बोट घातलंत तर बधिर होईल."

तिचा चेहरा मोकळा झाला. सिस्टर हसत म्हणाल्या, "इतका नको हो काका. आम्हाला गरमीपेक्षा गोठण्याची भीती जास्त. ही लस एकदा गोठली ना, की मग कितीही नीट वितळू दे, तिच्यात राम राहत नाही. दिसायला तशीच असते. सुई तशीच टोचते, बाळ तसंच रडतं, आणि उपयोग शून्य. म्हणून तर रोज दोनदा बघते मी. चार अंश. तुम्ही फ्रीज करून दिलात तेव्हापासून काटा चारावरून हललेला नाही." आणि त्यांनी हाक मारली, "पाच नंबर!"

मी फ्रीजकडे मान वळवली.

काटा चारावरून हलत नाही, असा फ्रीज जगात नसतो. मोटर चालू झाली की खाली जाणार, बंद झाली की वर येणार. तीन आठवडे काटा एका जागी बसलाय याचा अर्थ तो आतलं काही सांगतच नव्हता. तो सांगत होता झाकणापाशी काय चाललंय ते. झाकणापाशी चार, तर तळाशी किती? हे गणित मी झोपेतही करू शकतो. त्या मिनिटाला मात्र माझं डोकं ते करायला तयार होईना.

पाच नंबरचं बाळ रडलं. सिस्टरने कापूस दाबून धरला.

"सिस्टर," मी म्हटलं, आणि घसा साफ केला, "समजा हं, नुसतं विचारतोय. थोडीशीच गोठली तर?"

"थोडीशी गोठली म्हणजे थोडीशी मेली म्हटल्यासारखं झालं," त्या सुई भरत म्हणाल्या. "का हो? आज शंका बऱ्या सुचतायत तुम्हाला."

"म्हणजे बाळाला काही अपाय वगैरे?"

"अपाय सहसा होत नाही. टोचल्या जागी गाठ येते एखादी. पण आई समजते की आपलं मूल आता सुरक्षित आहे. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, काही होणार नाही म्हणून ती बिनधास्त असते. तेच वाईट. सहा नंबर!"

मी उठलो. भिंतीवर त्यांचा तापमानाचा तक्ता टांगलेला होता. सकाळ चार, संध्याकाळ चार, खाली सही. पुन्हा चार, चार, सही. स्वच्छ, सरळ अक्षर. बाईने जे दिसलं ते इमानदारीत लिहिलं होतं. उद्या काही निघालं तर सही तिची होती, माझी कुठेच नव्हती.

मी फ्रीजपाशी जाऊन उभा राहिलो. झाकणाला कुलूप, किल्ली सिस्टरच्या कमरेला. झाकणावर हात ठेवला आणि मोटरचा आवाज ऐकला. ती बंद व्हायची मी वाट बघत होतो. मनात शंभरपर्यंत मोजलं, पुन्हा शंभरपर्यंत. मोटर बंद होईना.

तरी मी बोललो नाही. का नाही बोललो, याची मी नंतर स्वतःला पन्नास उत्तरं दिली. कदाचित माझी चूकच होत असेल. तेवीस बायका भुकेल्या पोरांना घेऊन बसल्यात, उगाच घबराट होईल. आधी खात्री करावी, मग सांगावं. चाळीस वर्षांचं नाव आहे. ही सगळी उत्तरं त्या वेळीही डोक्यात एकामागून एक येत होती आणि प्रत्येक उत्तर येईपर्यंत एक नंबर पुढे जात होता. सात झाला. मी बाकावर येऊन बसलो. आठ झाला.

"काका, जरा पिशवी धरता?" नऊ नंबरवाली म्हणाली. मी धरली. ती उठली, सिस्टरसमोर स्टुलावर बसली, बाळाची मांडी उघडी केली आणि स्वतःच डोळे मिटून घेतले. बाळ जे कळवळून रडलं! ती परत आली तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. माझ्या हातातून पिशवी घेतली, सिस्टरनी अर्धा तास थांबायला सांगितलं होतं म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"दहा नंबर!"

माझी मुलगी उठली. स्टुलावर बसली. तिने नातीचं दुपटं बाजूला केलं, तो गोरा, वळ्या पडलेला पाय मोकळा केला. सिस्टरने सुई उचलली.

"थांबा!" मी ओरडलो.

मुलगी म्हणाली, "बाबा, काय हे? घाबरवलंत ना तिला!"

"टोचू नका. सिस्टर, ती लस टोचू नका. फ्रीज मी जास्त गार केलाय."

सिस्टरने सुई खाली ठेवली. किल्ली काढली, झाकण उघडलं, माझी तार सोडवली आणि थर्मामीटर खाली, बाटल्यांच्या मधे ठेवून झाकण लावलं. मग पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या फ्रीजपाशी उभे होतो. मी त्यांना बटणाचं सांगितलं, थर्मामीटर वर का टांगलं ते सांगितलं. "तुमची कंबर," मी म्हटलं. त्यांनी फक्त मान हलवली. झाकण उघडलं तेव्हा काटा शून्याच्या खाली एका रेघेवर होता.

पलीकडच्या खोलीतून डॉक्टरबाई आल्या. माझ्या मुलीपेक्षा लहान, केस विस्कटलेले, बोलणं भरभर. "शून्याच्या खाली गेलं म्हणजे लस गोठलीच असं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी हलवून बघू, मग कळेल. आज बंद करा."

"बंद केलं तर यातल्या किती परत येतील?" सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "एक दिवसाची मजुरी बुडवून आल्यात. परत पाठवलेली बाई येतेच असं नाही, डॉक्टर."

"मग काय, टोचायचं?"

"नाही. मी फक्त सांगतेय की बंद करण्याचीही किंमत असते."

बायका गेल्या. कोणी पुटपुटत, कोणी उघड शिव्या देत. एका आजोबांनी मला विचारलं की मी त्यांचं काय घोडं मारलं होतं. कोपऱ्यातली नऊ नंबरवालीही उठली. तिला नीट काही कळलं नव्हतं. "आमचं झालंय ना सिस्टर?" तिने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला मी घरी येऊन सांगते." माझ्याकडे बघून ती हसली. मी खाली बघितलं.

डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवून सगळं लिहून घेतलं. बटण केव्हा फिरवलं, किती फिरवलं, थर्मामीटर कोणी हलवलं.

"आणि हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

"नातीचा नंबर आला तेव्हा," मी म्हटलं.

"म्हणजे आत्ताच?"

"आत्ताच."

त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली. उठताना त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात हे फार मोठं केलंत. मशीन बिघडलं की मेकॅनिक मूग गिळून बसतात, मी पाहिलंय."

घरी पोचायच्या आत मुलीने जावयाला फोन करून माझी थोरवी सांगितली होती. बायकोनेही, जिने जन्मात मला शाबासकी दिली नसेल, ताट वाढताना म्हटलं, "बरं केलंत हो बोललात ते." मी आमटीत मीठ नाही म्हणून तिच्यावर खेकसलो. आमटीत मीठ होतं. नात पाळण्यात पडून पाय झाडत होती. तिच्याकडे बघितलं की मला दुसरा एक पाय दिसायचा, आणि मिटलेले डोळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी केंद्रात हजर. डॉक्टरबाई म्हणाल्या तुमची गरज नाही, मी म्हटलं मला बघायचंय. टेबलावर दोन बाटल्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. एक तीन आठवड्यांपासून त्या फ्रीजच्या तळाशी असलेली. दुसरी त्याच खोक्यातली, पण सिस्टरने ती आदल्या संध्याकाळी मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात ठेवून पुरती गोठवली होती आणि सकाळी वितळू दिली होती. तिच्यावर लाल शाईने लिहिलं होतं, वापरू नये.

"दोन्ही सारख्या हलवायच्या," सिस्टर मला सांगू लागल्या. काल एवढं होऊनही त्यांचा शिकवायचा सूर तोच. "चांगली लस दुधाळ राहते, हळूहळू बसते. गोठून गेलेलीतला गाळ भराभर खाली बसतो आणि वर पाणी दिसायला लागतं. लाल शाईवाली तशी होणारच. बघायचं आहे ते दुसरीचं."

"आणि दुसरी तशी झाली नाही तर?"

"मग तुम्ही आम्हाला फुकटचं दमवलंत आणि मी तुम्हाला स्वतःच्या हाताने चहा देईन."

त्यांनी दोन्ही बाटल्या एका मुठीत धरल्या आणि जोरात हलवल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. सुरुवातीला दोन्ही पांढऱ्या होत्या. मी फक्त दुसऱ्या बाटलीकडे बघत होतो. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींसाठी हात जोडलेत, पण एका पेराएवढ्या बाटलीने गढूळ राहावं म्हणून पहिल्यांदाच. पाच मिनिटांनी लाल शाईवालीच्या गळ्याशी स्वच्छ पाण्याची एक बारीक रेघ आली. दुसरीत काही नव्हतं. मला वाटलं, सुटलो. सातव्या मिनिटाला दुसरीतही रेघ दिसली. मी डोळे चोळले. दहाव्या मिनिटाला दोन्हींच्या तळाशी सारखाच गाळ होता आणि वर सारखंच पाणी. कोणती कोणती, हे लाल शाई नसती तर मला सांगता आलं नसतं.

"गेली," सिस्टर म्हणाल्या.

मग सिस्टरने रजिस्टर ओढलं आणि मोजायला लागल्या. आधीच्या तीन सोमवारची पंचेचाळीस मुलं. कालची नऊ. चोपन्न.

डॉक्टरबाईंनी कपाळ चोळलं. "वर कळवते मी. नवा साठा दोन दिवसांत येईल. सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. पण हे बघा, आईबापांना सांगताना जादा डोस म्हणून सांगा. संरक्षण वाढवायला जादा डोस. गोठली, वाया गेली, असलं काही नको. एकदा बोभाटा झाला की पुढे कोणी लस घ्यायलाच येणार नाही."

"आणि कोणी विचारलं, जादा का? तर?"

"विचारणार नाहीत."

"नऊ नंबरवाली विचारेल," सिस्टर म्हणाल्या. "तिची जाऊही विचारेल. डॉक्टर, मी तीस वर्षं या लोकांना सांगतेय की मी सांगते त्यावर विश्वास ठेवा. खोटं सांगून मी सुई टोचणार नाही. तुम्ही दुसरी सिस्टर बघा."

डॉक्टरबाई चिडल्या. सिस्टरही चिडल्या. दोघी आवाज खाली ठेवून भांडत होत्या, दाराबाहेर रुग्ण बसलेले म्हणून. एकीला वाटत होतं खरं सांगितलं तर लोक तुटतील, दुसरीला वाटत होतं खोटं पकडलं गेलं तर कायमचे तुटतील. दोघींचंही खरं होतं, हे मला दिसत होतं आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती. शेवटी मी म्हटलं, "मी येतो सिस्टरबरोबर. घरोघर. मीच सांगतो की मी केलं. केंद्राचा दोष नाही, लसीचा नाही, सिस्टरचा तर नाहीच."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बघा बाई. पण शांतपणे."

रस्त्यात सिस्टर एका हाताने कंबर धरून चालत होत्या. "काका, तुमच्यासारखी माणसं कमी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी जाऊ दिलं असतं. माझ्या सहीचा तक्ता होता, सगळं माझ्यावर शेकलं असतं. रात्री मी घरी सांगितलं सगळ्यांना तुमच्याबद्दल." मला वाटलं त्यांचं तोंड धरावं. मी विचारलं, पहिलं घर कोणाचं? तर जवळचं म्हणून आधी नऊ नंबरवालीचं.

शिवणयंत्राचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. दार तिनेच उघडलं, हातात कात्री. आत जमिनीवर निळ्या कापडाचे गठ्ठे, एका गठ्ठ्याआड बाळ झोपलेलं. तिने आम्हाला बसायला दोन स्टुलं दिली, पाणी दिलं आणि स्वतः यंत्रापाशी बसली. सिस्टरनी बाळाच्या मांडीला हात लावून बघितला, ताप बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. बटण, थर्मामीटर, बाटल्या. पाठ करून आलो होतो तसं, एका दमात. "लस वाया गेली ती माझ्यामुळे. बाळाला त्रास काही नाही. पण पुन्हा टोचून घ्यावं लागेल."

ती ऐकत होती. हातात कात्री तशीच होती. रागावेल असं वाटलं होतं, रागावली नाही. विचार करत होती.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, निर्धास्त राहा," ती म्हणाली.

"हो. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग केव्हा कळलं?"

उत्तर माझ्या सहीनिशी केंद्राच्या कपाटात होतं. तेच पुन्हा म्हणायचं होतं फक्त. सिस्टर शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी माझ्या वतीने तोंड उघडलंसुद्धा. "त्यांच्या नातीचा नंबर—"

"तुम्ही उठायच्या आधी," मी म्हटलं. "सिस्टर गोठण्याचं बोलल्या तेव्हाच. पाच नंबर आत जात होता."

यंत्राच्या पायडलवरून तिने पाय काढला. बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी तुमच्या हातात पिशवी दिली," ती म्हणाली. "तुम्ही ती धरून बसलात. आणि नातीची वेळ आली तेव्हा तुम्हाला वाचा फुटली होय?"

"हो," मी म्हटलं.

मग सिस्टरकडे वळून तिने विचारलं, "नवी लस कधी येणार?"

"गुरुवारी."

"तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय टोचू नका. मी येईन. पोराचा काय दोष." आम्ही बाहेर पडलो तेव्हा आत यंत्र सुरू झालं नव्हतं.

गल्लीत सिस्टर भिंतीपाशी थांबल्या. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि कालच्या पानावर बोट ठेवलं. पाच, सहा, सात, आठ, असं बोट खाली उतरत गेलं आणि नऊवर थांबलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. काका म्हटलं नाही.

"डॉक्टरांकडचं लिहिलेलं बदलावं लागेल," त्या म्हणाल्या.

"बदलू."

"या बाकीच्या चौघींना फक्त गोठली म्हणून सांगून चालणार नाही आता."

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं नाही तरी सांगेन."

त्यांनी रजिस्टर मिटलं. पाच नंबरचं घर कुठे आहे ते मी विचारलं, त्यांनी हाताने दाखवलं, आणि मी पुढे झालो.